उसना बंब

नक्कल या शब्दाला आपल्याकडे मुळीच प्रतिष्ठा नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणारा नक्कल करतो, बाजारात अस्सल म्हणून हिणकस माल खपवणारा नक्कल विकतो, आणि नकलाकाराचा नंबर नटाच्या मागे कुठेतरी लागतो. त्यातून चित्रकलेचा विषय निघाला की मग विचारूच नका! ‘छान आहे हो, पण पाहून काढलंय ना?’ एवढे एक वाक्य कानांवर पडले की काढणाऱ्याचे तोंड कसे एवढेसे होते, हे ज्यांच्या घरात चित्रे काढणारे मूल आहे त्यांना सांगायला नको.

आणि तरीही, वाचकहो, जरा आठवून पाहा. पोळी लाटायला आपण शिकलो ती आईच्या हाताकडे पाहून. अक्षर वळणदार व्हावे म्हणून गुरुजींनी आपल्याला कित्ता गिरवायला लावला. गवयाचा शागीर्द गुरूच्या गळ्यातली एकेक जागा वर्षानुवर्षे आपल्या गळ्यात उतरवत बसतो. तिला आपण नक्कल म्हणत नाही, तालीम म्हणतो. मग चित्र काढणाऱ्यानेच काय घोडे मारले आहे?

आम्हा बारामतीकरांना तर नकलेला नाक मुरडण्याचा अधिकारच नाही. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत आमच्या कऱ्हाटी मुलखात राहिले आणि इथेच १७९४ साली त्यांनी देह ठेवला. रामाची कथा काही पंतांची स्वतःची नव्हे. वाल्मीकींनी सांगून ठेवलेली, पुढे कितीकांनी आळवलेली. पंतांनी तीच कथा पुन्हा सांगितली, आणि एकदा-दोनदा नव्हे, तब्बल १०८ वेळा! प्रत्येक वेळी काहीतरी नवा नेम घालून घ्यायचा. एका रामायणात तर ओठाला ओठ लावायचाच नाही, पवर्गातले अक्षर येऊ द्यायचे नाही, असा पण. म्हणजे सांगायची रामाची कथा आणि ‘राम’ हा शब्द काही उच्चारायचा नाही! दुसऱ्याची वस्तू हाती घ्यायची, ती पुन्हा पुन्हा न्याहाळायची आणि तिच्यातून आपले काय निघते ते पाहायचे, ही रीत कऱ्हेच्या पाण्यातच असावी.

हे सारे तत्त्वज्ञान मला सुचले ते मात्र वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि तेही एका बंबामुळे.

आमचा वाडा जुना. लाकडाला वाळवी लागलेली, मागच्या भिंतीला दोन ठिकाणी पोट आलेले. तो पाडून तिथे सदनिका बांधायच्या, असे गेल्या वर्षी दोघा भावांनी मिळून ठरवले. मग सामानाची वाटणी सुरू झाली. कपाटे, पाट, झोपाळा यांची सोय लागली. प्रश्न पडला तो तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. घंगाळ, हंडे, कळशा, तपेली आणि मागल्या दारचा तांब्याचा बंब! सासूबाईंच्या लग्नात आलेला. त्याच्या पोटातल्या नळीत तुरकाट्यांचे तुकडे आणि लाकडाच्या ढलप्या घालून तीन पिढ्यांनी पाणी तापवले. घरात गीझर आला तरी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मात्र बंब पेटायचाच. पण चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात बंबाला जागा कुठली, आणि धूर जायचा कुठे? धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, ‘‘ताई, जीव अडकवून कसं चालेल? भाऊबीज झाली की मोडीत देऊन टाकू.’’ त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. खेड्यापाड्यांतून आणि पेठांतून स्टीलने पितळ-तांब्याला बाहेर काढले, त्याला आता कितीतरी वर्षे होऊन गेली. कल्हईवाल्याची आरोळी आमच्या आळीत शेवटची कधी ऐकली, तेही कुणाला आठवत नाही.

भाऊबीजेला सहा आठवडे होते. तेवढ्या अवधीत बंबाचे एक चित्र काढायचे, असे माझ्या मनाने घेतले. फोटो काय, नातवाने फोनवर पंधरा काढले. पण त्यांत आमचा बंब कुठे दिसेना. दिसे ती एक लालसर वस्तू. मुलगी असताना मी एलिमेंटरीची परीक्षा पास झाले होते; पुढे लग्न झाले आणि ब्रश सुटला तो सुटलाच. तेव्हा आमच्याच आळीत राहणाऱ्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे गेले. बारामती-इंदापूर भागातली किती मुले त्यांनी शासकीय रेखाकला परीक्षांना बसवली, याची गणती नाही.

‘‘मास्तर, मला बंब काढायला शिकवा,’’ मी म्हणाले.

मास्तरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाले, ‘‘वहिनी, सहा आठवडे आहेत ना? त्यातले पहिले चार आठवडे तुमच्या बंबाकडे पाहायचं नाही.’’ आणि कपाटातून एक जुने पुस्तक काढून त्यांनी त्यातले एक पान माझ्यापुढे उघडले.

पाहते तो काय, बंब! तिवईवर ठेवलेला तांब्याचा उंच पिंप, वर झाकण, खाली तोटी, पायाशी एक बादली आणि एक काळसर सुरई. मागे साधी भिंत. माणूस नाही, देव नाही, फूल नाही. शार्दां नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १७३४ च्या सुमाराला काढलेले हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पाणी तापवण्याचे ते यंत्र नव्हे. घरात नळ नव्हते त्या काळी स्वयंपाकघरात पिण्या-वापरायचे पाणी साठवायचे ते भांडे. पण बंबाचा चुलतभाऊ शोभावा असे! मूळ चित्र केवढे म्हणाल, तर सुमारे २८ सेंटिमीटर उंच आणि २३ सेंटिमीटर रुंद. शाळेच्या वहीच्या पानाहून थोडेसेच मोठे. हेच भांडे शार्दांने आणखीही काढले आहे. १७३३ सालच्या एका चित्रात एक बाई वाकून त्याच्या तोटीतून पाणी घेते आहे.

या शार्दांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. जन्म १६९९, मृत्यू १७७९. त्या काळी फ्रान्समध्ये चित्रांची उतरंड ठरलेली होती. वरच्या पाटावर देवादिकांची आणि इतिहासाची चित्रे, मग व्यक्तिचित्रे, मग निसर्गचित्रे आणि सर्वांत खाली, पंगतीच्या शेवटी, भांडी-फळे-मासळी यांची चित्रे. या खालच्या पायरीवर बसून शार्दांने आयुष्य काढले. राजाच्या कला अकादमीने १७२८ साली त्याला सभासद करून घेतले, तेही ‘प्राणी आणि फळे यांचा चित्रकार’ म्हणून. पण आज त्या काळातल्या देवादिकांच्या कितीतरी चित्रांपुढून लोक भराभर पुढे जातात आणि शार्दांच्या पातेल्यापुढे थबकतात.

‘‘हे उतरवा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आणि घाई करू नका.’’

घरी आल्यावर जो गहजब झाला तो काय वर्णावा! आमच्या घरी म्हणाले, ‘‘अगं, बंब आपला चालला आहे आणि तू फ्रेंचाचा बंब काढत बसणार?’’ जाऊबाईंनी नुसते हसून घेतले. मलाही आतून हुरहुर होतीच. दिवस मोजके आणि त्यातले चार आठवडे परक्याच्या भांड्यावर खर्चायचे! पण मास्तरांचा शब्द मोडवेना.

आता हे उतरवणे म्हणजे काय, ते सांगते. कारण छापील चित्रावर पातळ कागद ठेवून रेघा गिरवणे, असा याचा पुष्कळांचा समज असतो.

पहिले दोन दिवस पेन्सिल हाती धरायची नाही. नुसते पाहायचे. डोळे किलकिले करून पाहिले की बारीकसारीक तपशील विरघळतो आणि चित्राचे तीनच भाग उरतात: गडद, मध्यम आणि उजळ. कुठला भाग कुठे संपतो, तेवढे शब्दांत लिहून काढायचे. माझ्या वहीत पहिल्या दिवशीची नोंद आहे: ‘सर्वांत उजळ जागा बोटाच्या पेरापेक्षा लहान.’ इतका तांबूस, लखलखीत वाटणारा तो पिंप. आणि त्यातला खरा उजेड एवढासा! बाकी सगळा अंधारच, पण निरनिराळ्या जातींचा.

मग चौकोन. छापील चित्रावर उभ्या-आडव्या रेषांचे जाळे आखायचे, तितकेच चौकोन आपल्या फळीवर आखायचे आणि एकेका चौकोनात जे दिसेल तेवढेच उतरवायचे. ही युक्ती फार जुनी. मुंबईत सिनेमाची प्रचंड पोस्टरे हाताने रंगवणारे कारागीर एवढ्याशा फोटोवरून हाच हिशेब मांडत. माझ्याजवळ कॅनव्हास नव्हता. शार्दांनेही हे चित्र लाकडी फळीवरच काढले आहे, असे सांगून मास्तरांनी मला हार्डबोर्डचा तुकडा अस्तर देऊन आणून दिला.

भांडे काढताना आधी मधोमध एक उभी रेषा धरायची, तो त्याचा कणा. दोन्ही बाजू त्या कण्यापासून सारख्या अंतरावर. खरी परीक्षा गोल काठांची. भांड्याचा काठ डोळ्यांच्या पातळीवर असेल तर तो सरळ रेघ दिसतो. जसजसा खाली जाईल तसतसा तो उघडत जातो, लंबगोल होतो. म्हणून झाकणाचा काठ आणि बुडाचा काठ यांची गोलाई सारखी नसते, बुडाची अधिक. आणि लंबगोलाला टोके नसतात. त्याच्या दोन्ही अंगांना वळण असते, कितीही अरुंद असला तरी. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरात मुलांचे मार्क जातात ते बहुधा इथेच, असे मास्तर म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात रंग. तोही एकच, तपकिरी. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हा तपकिरी सगळीकडे फासायचा आणि जिथे उजेड आहे तिथे फडक्याने पुसून काढायचा. रंगांचा मोह पडण्याआधी उजेड-अंधाराचे बस्तान बसते. मग थर. पहिले थर पातळ, नंतरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यायचे. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आकसतो आणि चित्राला तडे जातात.

आणि मग आला तांब्याचा रंग. दुकानात ‘कॉपर’ नावाची रंगाची ट्यूब मिळते. मास्तरांनी तिला हात लावू दिला नाही. ‘‘शार्दांच्या पिंपात कॉपर कुठं आहे, दाखवा बरं!’’ मी कागदाला बारीक भोक पाडून त्यातून छापील चित्राचा एकेक ठिपका पाहत गेले. नवल वाटले. कुठे काळपट तपकिरी, कुठे विटेचा लाल, कुठे मळका गुलाबी, तर एका कडेला चक्क राखाडी-हिरवट. एकही ठिपका एकटा पाहिला तर तांबे नाही. सगळे शेजारी-शेजारी आले की तांबे. चकाकीचा ठिपकासुद्धा पांढराशुभ्र नव्हे. किंचित पिवळसर, आणि भांड्याच्या वळणाबरोबर वळलेला. अंधाऱ्या बाजूच्या अगदी कडेला एक अंधूक उजेडाची पट्टी असते. समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेला तो उजेड. ती पट्टी घातली आणि माझा पिंप, जो तोवर भाकरीसारखा चपटा होता, एकदम गोल झाला.

मास्तर दर दहा मिनिटांनी मला खुर्चीवरून उठवून दाराशी नेऊन उभे करीत. दिदरो नावाच्या फ्रेंच लेखकाने १७६३ सालच्या प्रदर्शनात शार्दांची चित्रे पाहून लिहिले होते, की जवळ जावे तर सगळे धूसर होऊन नाहीसे होते आणि दूर सरावे तर पुन्हा सगळे उभे राहते. दाराशी उभी राहून मी त्याचा पडताळा घेई.

या चार आठवड्यांत मास्तरांच्या गप्पांतून आणि पुस्तकांतून एक गोष्ट मला उमगली. मोठमोठे चित्रकार उतरवून उतरवूनच शिकले आहेत. लूव्र १७९३ साली लोकांना खुले झाले, तेव्हापासून तिथे चित्रकार घोडे मांडून जुन्या चित्रांच्या नकला करीत आले आहेत. आजही परवाना काढून तसे करता येते. मात्र नक्कल मूळ मापाची असू नये, असा नियम आहे, म्हणजे खोट्याला खऱ्याच्या जागी बसता येत नाही. आंरी मातिस हा विसाव्या शतकातला मोठा बंडखोर चित्रकार. त्याने तरुणपणी तिथे बसून शार्दांची चित्रे उतरवली. १८९३ साली त्याने डे हेम या डच चित्रकाराचे फळे, भांडी आणि तंतुवाद्य मांडलेले एक मोठे स्थिरचित्र उतरवले, अगदी इमानाने. आणि बावीस वर्षांनी, १९१५ साली, त्याने तेच चित्र पुन्हा रंगवायला घेतले. आता मात्र त्यातली फळे, टेबल, पडदा सगळे कोनाकोनांचे, सपाट रंगांचे. डे हेमला ओळखू येऊ नये असे! पहिल्या खेपेस त्याने डे हेमचे ऐकले. दुसऱ्या खेपेस डे हेमशी वाद घातला. ऐकल्याशिवाय वाद कसा घालणार? व्हॅन गॉगनेही आजारपणात, १८८९-९० साली, मिलेची शेतकऱ्यांची चित्रे पुन्हा रंगवली. ती त्याला साध्या छापांवरून उतरवावी लागली, तेव्हा रंग त्याचे त्यानेच घातले. वादक जसा दुसऱ्याची रचना आपल्या हाताने वाजवतो, तसे हे, असे त्याने भावाला कळवले होते.

आपल्याकडेही हे नवे नाही. मुंबईची जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ची. तिथले ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली भित्तिचित्रे उतरवून घेत. पेस्तनजी बोमनजींसारखे नामांकित चित्रकार त्या मंडळींत होते. त्या नकलांचा मोठा भाग १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाला. त्याआधी गिल साहेबांनी केलेल्या नकलाही तिथेच १८६६ साली अशाच जळाल्या होत्या. कागद-कापड गेले, पण ज्यांनी ती चित्रे महिनोन् महिने रेघ न् रेघ उतरवली होती, त्यांच्या हातांतून ते कसे जाणार? पलीकडे सातारा जिल्ह्यात औंधला तर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात अस्सल चित्रांच्या जोडीने पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृतीही मांडलेल्या आहेत. खेड्यातल्या माणसाला युरोपात कोण नेणार? मग युरोपच इकडे आणला. आमच्या कऱ्हाटी मुलखातल्या मुलाला तरी अस्सल तैलचित्र बघायला मिळते कधी? पुण्या-मुंबईची सहल निघाली तर. एरवी छापील चित्र हेच त्याचे संग्रहालय.

असो. चार आठवडे संपले. शार्दांचा पिंप भिंतीला टेकून वाळत होता. मास्तर म्हणाले, ‘‘आता तो उलटा करून ठेवा. पुस्तक मी घेऊन जातो. उद्यापासून तुमचा बंब.’’

पुस्तक गेल्यावर जरा पोरके वाटले. बंब मागल्या दारी, त्याच्या नेहमीच्या दगडावर ठेवला, डावीकडून उजेड. पाहायला लागले आणि लक्षात आले की चाळीस वर्षे ज्याच्यासमोर मी उभी राहिले तो हा बंब मला ठाऊकच नव्हता. त्याच्या गळ्याशी तीन बारीक चिरा आहेत. एका अंगाला पोचा आहे. त्या पोच्यात उजेड वाट चुकल्यासारखा वळतो. खालचा भाग धुराने काळा, पण तो काळा नाही. निळसर करडा आहे. हे मला कुणी दाखवले? शार्दांने. चकाकी कुठे शोधायची, कडेची उजेडाची पट्टी कुठे पाहायची, सावली भांड्याला जमिनीशी कशी बांधते, हे सगळे प्रश्न मी त्याच्याकडून उसने आणले होते.

उत्तरे मात्र त्याची चालेनात! ही या सगळ्या प्रकरणातली मोठी गंमत. शार्दांचा उजेड पॅरिसच्या घरातला, थंड, भुरकट, बेताचा. आमचा उजेड आश्विनातला, बारामतीचा. पाऊस उघडलेला, आभाळ धुतलेले, आणि समोर चुन्याची पांढरी भिंत. ती भिंत ऊन घेऊन बंबावर अशी फेकत होती की त्याच्या अंधाऱ्या बाजूची पट्टी शार्दांच्या पट्टीच्या दुप्पट रुंद, आणि रंगाने जवळजवळ केशरी. सावलीसुद्धा तपकिरी नव्हती, निळी होती. शार्दांचा राखाडी-हिरवट इथे घातला असता तर बंब आजारी दिसला असता. आमचे रंग मला आमच्याच अंगणात शोधावे लागले. ओल्या मातीचा, उसाच्या गुळाच्या ढेपेचा, सुकल्या ज्वारीच्या पानाचा. मास्तर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा काही बोलले नाहीत, फक्त मला दाराशी नेऊन उभे केले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चित्राला शेवटचा हात लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटला. सगळ्यांनी त्यातल्या पाण्याने अभ्यंगस्नान केले. मुंबईहून आलेली लहान नात तोटीला हात लावून ‘गरम, गरम’ म्हणत हसत सुटली. भाऊबीज झाली आणि मोडवाला तराजू घेऊन आला.

भाऊजी चित्राकडे बघत म्हणाले, ‘‘वहिनी, आता काय, चित्र आहे की! बंब गेला तरी गेला असं वाटायचं नाही.’’

‘‘भाऊजी, चित्रात पाणी तापत नाही,’’ मी म्हणाले.

पण बंब दिला. त्याला ठेवायला जागा नव्हती ती नव्हतीच, आणि पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळून त्याला गंजवण्यात काय भूषण? फक्त पितळेची तोटी काढून घेतली. ती आता माझ्या टेबलावर असते. चित्र मी धाकट्या जाऊबाईंना देऊन टाकले. त्यांनी ते मागितले, याचेच मला कौतुक वाटले. त्यांच्या नव्या घरात जेवणाच्या टेबलासमोर ते लागले आहे आणि आल्यागेल्याला त्या स्वतः सांगतात, की हा पोचा आहे ना, तो आमच्या ह्यांनी लहानपणी दगड मारून पाडलेला. इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हती. चित्र पाहूनच भाऊजींना ती आठवली.

आता शेवटी, घरोघरच्या चित्रकारांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी चार शब्द.

मूल कॅलेंडरवरून किंवा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून चित्र उतरवत असेल तर त्याला ‘पाहून काढलंस’ म्हणून हिणवू नका. दीनानाथ दलालांची आणि मुळगावकरांची मुखपृष्ठे पाहून मराठी घरांतल्या किती मुलांनी पहिल्यांदा ब्रश धरला असेल! पण त्याला तिथेच सोडूही नका. दहा कॅलेंडरे उतरवली तर हात वळतो. नजर जागची हलत नाही. एक चित्र उतरवून झाले की त्यातली वस्तू घरात शोधायला लावा. चित्रात लिंबू असेल तर लिंबू, सुरई असेल तर माठ. पुस्तक मिटून ठेवा आणि खरी वस्तू समोर मांडा. नकलेचे चीज होते ते इथे.

दुसरे, प्रामाणिकपणाचे. उतरवलेल्या चित्रावर ‘शार्दांवरून’ असे स्पष्ट लिहावे आणि खाली आपले नाव घालावे. जुन्या चित्रकारांच्या बाबतीत कायद्याची अडचण नाही. पण आपल्या देशात चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या चित्रावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो. तेव्हा अलीकडच्या चित्रकाराचे चित्र घरी शिकण्यापुरते उतरवावे. विकायला काढू नये.

आणि तिसरे, सामानाचे. त्याचे अवडंबर नको. एक खिडकी, एका बाजूने येणारा उजेड, पाच रंग आणि एक भांडे एवढे पुरे. माळ्यावर अजून एखादा तांब्याचा हंडा, पितळेची कळशी असेल तर ती या सुट्टीत खाली काढा. मात्र चिंच-मीठ लावून नुकतीच लख्ख घासलेली असेल तर तिच्यापुढे लगेच बसू नका. तिच्यात सगळे घर दिसते, आणि नवशिक्याला ते झेपत नाही. आठ दिवस तशीच राहू द्या. हवेने जरा मंद झाली की मग बसा.